शिलाईत इंचभर माया सोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पन्नाशीनंतर कपड्यांचे कपाट नव्याने कसे लावावे, यावर सचित्र लेख आला होता. लिननचे जाकीट, पांढरे बूट, घोट्याच्या वर संपणारी पॅन्ट असा सगळा थाट. फोटोतल्या गृहस्थाचे केस तेवढे पिकलेले होते, पोट मात्र पंचविशीतले. लेखाखाली ‘खिशाला परवडणारी’ म्हणून यादी होती, तिची मी पेन घेऊन बेरीज केली. कंडक्टरची सवय, बेरीज जुळल्याशिवाय कागद हातावेगळा करवत नाही. बेरीज चौदा हजारांच्या पुढे गेली. म्हणून हे पत्र.

मी एस.टी.चा वाहक. ५८ व्या वर्षी रीतसर निवृत्त झालो, त्याला आता काही वर्षे झाली. पेन्शन ‘ईपीएस ९५’ची, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी निवृत्तीवेतन योजनेची, महिन्याला तीन हजारांच्या आसपास. त्यात दूध आणि गोळ्या भागतात. बाकीचे थोडे व्याजावर, थोडे मुलाच्या जिवावर. त्याबद्दल तक्रार नाही. पण नोकरी सुटली आणि लक्षात आले, की आपल्याकडे कपडे असे नाहीतच. उमेदीची सगळी वर्षे खाकीत गेली. कापड मिळायचे, शिलाईचे पैसे मिळायचे, शिंपी मास्तरांच्या वहीत माप असायचे. सकाळी उठून काय घालायचे, हा प्रश्न पडायचे कारणच नव्हते. घरी लेंगा-बनियन आणि लग्नाकार्याला एक सफारी. तो सफारी सांगलीच्या २०१९ च्या पुरात कपाटाच्या खालच्या कप्प्याबरोबर गेला. पाणी उंबऱ्याला लागल्यावर माणूस घराचे कागद, औषधे आणि दागिने उचलतो. सफारी कोण उचलतो?

त्यातून शरीराने गंमत केली. निवृत्तीनंतर आधी पोट सुटले, ३४ ची कंबर ३८ वर गेली. मग रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी भात कमी केला, रोज कृष्णाकाठी चालायला लावले आणि कंबर ३६ वर आली. खांदे उतरले, मान बारीक झाली, पोट मात्र जागेवरच. माझ्या ओळखीतल्या बहुतेक साठीतल्या माणसांचे असेच आहे. कोणाचे वजन गुडघ्यांमुळे वाढते, कोणाचे साखरेमुळे उतरते, बायकांचे पाळी जाण्याच्या वयात कमरेभोवती फिरते. या वयात एकदा कपडे घेतले की दहा वर्षे बघायला नको, असे होत नाही. अंगाबरोबर आत-बाहेर होतील असे कपडे लागतात. ही सोय मिळते शिंप्याकडे, शिवणीत आत सोडलेल्या जादा कापडामुळे; त्यालाच माया म्हणतात. दुकानातल्या कपड्यात ती का नाही, हे मला या पत्रात मुख्यतः सांगायचे आहे.

त्याआधी एक फुकटचा साठा सांगतो. तो पुरवणीतल्या लेखिकाबाईंच्या नजरेतून सुटला, कारण बहुधा त्यांच्याकडे आहेराची पद्धत राहिली नसेल. आमच्या भागातल्या पन्नाशीपुढच्या कोणत्याही घरात कपाटाचा वरचा कप्पा उघडून बघा. आहेरात आलेले शर्टपीस, पॅन्टपीस, ब्लाऊजपीस, टॉवेल-टोपी, सगळे सेलोफेनच्या पाकिटात. एकाने दिलेले दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला, असे फिरत फिरत कधीकधी आपलेच पाकीट आपल्याकडे परत येते. आमच्याकडे हा कप्पा सगळ्यात वर, म्हणून पुरातून वाचला. सौ.ने एक दिवस सगळे खाली काढले आणि म्हणाली, “अहो, ह्यात तुमचे निम्मे आयुष्य निघेल.”

निघते, पण तपासून घ्यावे लागते. घडीतच वर्षानुवर्षे पडलेले कापड घडीच्या रेषेवर विरते, पिवळी रेघ पडते. कुठे कसर लागलेली असते, पण घडीत ती दिसत नाही. म्हणून प्रत्येक पीस पूर्ण उलगडून खिडकीच्या उजेडासमोर धरायचा. भोके असतील तर उजेड आरपार येतो. मग साध्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवायचा. सुती कापड पहिल्या पाण्यात आकसते. शिवल्यावर आकसून मनगट उघडे पडण्यापेक्षा शिवण्याआधी आकसलेले बरे. त्यानंतर मोजायचे. छत्तीस पन्ह्याच्या (म्हणजे छत्तीस इंच रुंदीच्या) कापडात पूर्ण बाह्यांच्या शर्टाला सव्वादोन मीटर लागते, अठ्ठावन्न पन्ह्यात दीड-पावणेदोन मीटरला निभावते. पॅन्टला अठ्ठावन्न पन्ह्यात सव्वा मीटर. आहेराच्या पाकिटावर लिहिलेले मीटर आणि आतले मीटर यांत फरक निघतो. देणाऱ्यालाही ते ठाऊक नसते, त्यामुळे राग धरू नये. कमी भरलेल्यातून अर्ध्या बाह्यांचा शर्ट होतो, आणि आपल्या हवेत तोच बरा.

आता शिलाईचा हिशेब. आमच्याकडे शर्टाची शिलाई साडेतीनशे-चारशे, पॅन्टची पाचशे. मारुती रोडला तयार शर्ट चारशे-पाचशेला लटकलेला असतो. म्हणजे कापड फुकट मिळूनही शिवलेला शर्ट तयार शर्टाच्या भावात जातो. मुलगा हेच म्हणतो: “बाबा, एवढ्यात तर नवीन येतो.” २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आला, तेव्हाही तो मला दुकानात घेऊन गेला होता. पण हजाराच्या आतल्या कपड्यांवर आधीही पाचच टक्के होता. स्वस्त झाले ते हजार ते अडीच हजारांतले कपडे; आमच्यासारख्याच्या बिलात एक रुपयाचाही फरक पडला नाही.

तरी मी शिवून घेण्याच्या बाजूचा आहे. कारण सांगतो.

३८ कंबर असताना मी एक तयार पॅन्ट घेतली होती. पुढे कंबर उतरली तेव्हा ती आत घेऊन झाली. मागच्या दिवाळीत दोन किलो परत चढले, म्हणून पुन्हा सोडवून घ्यायला मास्तरांकडे नेली. मास्तरांनी ती उलटी केली, बैठकीची शिवण अंगठ्याने चाचपली आणि माझ्यापुढे धरली. “कंडक्टर, ह्यात सोडायला हाय काय? मागच्यानं आत घेताना कापून टाकलंय, आन मुळातबी पाव इंच हुतं.” मग त्यांनी दोरीवरची एका गिऱ्हाइकाची, स्वतः शिवलेली पॅन्ट उलटी करून दाखवली. मागच्या मधल्या शिवणीत कमरेपाशी दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच कापड दुमडून ठेवलेले, कडा ओव्हरलॉक केलेल्या, खाली जाताना निमुळते. कमरपट्टीही मागे मधोमध जोडलेली, म्हणजे तिथे उसवून पट्टीसकट कंबर दोन इंच वाढवता येते आणि बाहेरून कोणाला कळत नाही. खाली मोरीला (पायाच्या घेराला) आतून तीन इंच दुमड. त्या पॅन्टचा मालक पाच वर्षे जाड-बारीक होत राहिला तरी पॅन्ट एकच राहणार. पाचशे रुपये शिलाई मला त्या दिवसापासून महाग वाटत नाही. कंबर सोडायला किंवा घ्यायला मास्तर साठ-सत्तर रुपये घेतात.

तयार कपड्यात ही माया नसते. हजारो नग एका वेळी कापायचे म्हटल्यावर नगामागे दोन इंच कापड वाचले तर थानेच्या थाने वाचतात, हे मलाही कळते. शर्टाची बाजूची शिवण पाव इंचाची, कडेला ओव्हरलॉक मारून संपलेली. जीन्सची तर दुहेरी दुमडलेली शिवण. ती उसवली तरी आत सोडायला काही नसते आणि जुन्या टिपेची पांढरी रेघ उमटते ती वेगळीच. ज्यांची अंगकाठी दहा वर्षे तशीच राहते त्यांना याने काही बिघडत नाही. ज्यांची बदलते त्यांना दर दोन वर्षांनी नवे घ्यावे लागते, आणि त्यांच्याकडेच तेवढे पैसे नसतात.

आमच्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्नच नव्हता. नाडीचा लेंगा, वर ढगळ नेहरू शर्ट. लग्नात शिवलेला लेंगा सत्तरीतही होत असे, नाडी तेवढी बदलायची. हल्ली तरुण पोरे इलॅस्टिकची ट्रॅक पॅन्ट घालून बँकेत जातात, ती तरी दुसरे काय करतात? फक्त आमच्या वयाच्या माणसाने लेंगा घालून बँकेत जायचे म्हटले की घरचेच अडवतात.

मास्तरांकडे बसल्या बसल्या पाहिलेले आणखी एक काम सविस्तर लिहितो, कारण ते आता फार थोड्यांना माहीत आहे. शर्ट कुठेच फाटलेला नसतो, पण कॉलर घडीवर विरते. दाढीचे खुंट आणि मानेचा घाम यांनी वरची कड केसाळ होते, मग आतले कडक अस्तर, पांढरे बकरम, डोकावते आणि घरात कोणीतरी म्हणते, टाका आता तो. टाकायचा नाही. कॉलरचे दोन भाग असतात: गळ्याभोवतीची उभी पट्टी आणि तिच्यावर दुमडणारे पान. मास्तर आधी पानाचा आणि पट्टीचा मध्य खडूने खुणावतात. मग ब्लेडच्या कोपऱ्याने पट्टीची वरची टीप तीन-तीन टाके सोडून कापतात आणि दोरा एका झटक्यात ओढून काढतात, की पान मोकळे होते. त्यातली जुनी धाग्यांची कुसळे वेचायची, इस्त्री फिरवायची आणि पान उलटे करून पुन्हा त्याच फटीत बसवायचे. विरलेली बाजू खाली, मानेकडे जाते. आतापर्यंत झाकलेली कोरी बाजू वर येते. मध्याला मध्य जुळवून टाचणी लावली आणि टीप मारली की शर्ट आणखी तीन-चार वर्षे चालतो. हे पांढऱ्या, चौकड्याच्या, फिक्या रंगाच्या शर्टांना छान जमते. गडद निळ्याला कॉलर नवी आणि शर्ट विटका असे दिसते. कॉलरच्या टोकांना बटणे असतील तर करू नये, काजांची भोके वर येतात. माझ्या चार शर्टांच्या कॉलरी अशा उलटवून घेतल्या आहेत आणि त्यातला एक घालून मी नात्यातल्या साखरपुड्यालाही जाऊन आलो. बाहीचा कफ विरला असेल तर बाही कोपराच्या वर कापून अर्ध्या बाह्यांचा शर्ट. हे तर घरच्या मशिनवरही होते.

रंगांचे मला काही कळत नव्हते हे कबूल. दुकानात गेलो की माझा हात आपोआप बिस्किट, मातकट, मेंदी अशा रंगांवर जायचा. सौ. म्हणाली, “अजून ड्यूटीवर आहात का?” तेव्हापासून पॅन्टचे रंग दोनच ठेवले आहेत, राखाडी आणि गडद निळा. या दोन्हींवर आकाशी, पांढरा, फिका गुलाबी, बारीक रेघांचा, कोणताही शर्ट जातो. मोरपंखी रंगाचा एक शर्टपीस आहेरात होता, तो मी भाच्याला देणार होतो. तिने तोच मला शिवायला लावला. आता हास्यक्लबात लोक त्यावरून चिडवतात, पण बरा दिसतो असे चिडवणारेच म्हणतात.

सौ.चे प्रकरण वेगळे आहे आणि पुरुषाने त्यावर बोलावे की नाही असे मला वाटत होते. पण तिनेच “लिहा” म्हटले. तिचा उजवा खांदा आखडला. हात डोक्याच्या वर जाईना. साडी नेसता येईना, पदर खांद्यावर टाकता येईना, ब्लाऊजच्या बाहीत हात घालणे म्हणजे रोजची रडारड. खांदा हळूहळू मोकळा होतो, पण त्याला महिनोन्‌महिने लागतात आणि तेवढे दिवस काय घालायचे, हे डॉक्टर सांगत नाहीत. शेजारच्या शिलाई करणाऱ्या वहिनींनी तिच्या ब्लाऊजचे मुंडे (बाही जोडतात तो घेर) उसवले आणि बगलेत त्याच रंगाचा चौकोनी तुकडा घातला. मुंडा दीड इंच ढिला झाला. तुकड्याला कापड हवे म्हणून ब्लाऊजपीसमधून उरलेल्या चिंध्या ठेवाव्यात, हे तेव्हा उपयोगी पडले. जुन्या दोन सुती साड्यांचे पुढून पूर्ण उघडणारे कुर्ते शिवले. साडी साडेपाच मीटर, त्यात कुर्ता होतो आणि वर ओढणी निघते; काठ खाली आणि बाहीला लावला की डोळ्यांत भरतो. बटणे बारीक नकोत, बोटांना सापडत नाहीत, मोठी लावावीत.

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी ती पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घालून भाजीला गेली, तेव्हा आमच्या एका नात्यातल्या बाईंनी “आता कॉलेजला नाव घातलंय काय?” असे विचारले. याच बाई गाऊनवर टॉवेल टाकून दूध आणायला कोपऱ्यापर्यंत जातात. असो. खांदा आता बरा आहे, पण ड्रेस सुटलेला नाही. साड्या सणावाराला निघतात. फॉल झिजला की नवा लावून घेते; त्याने साडीची खालची कड वाचते. माझी आई लुगडे मधे विरले की तो भाग कापून दोन्ही टोके जोडायची, दंड घालायची. आमच्या लग्नातल्या फोटोतही तिच्या लुगड्याचा दंड दिसतो आणि त्याची तिला लाज नव्हती. उरलेल्या सुती साड्या आम्ही बोहारणीला देत नाही, त्यांची वाकळ होते. टेरिकॉटचे शर्ट आणि विटलेल्या पॅन्टा मात्र तिला द्याव्यात. एक स्टीलचा डबा मिळतो आणि कपाटात हवा खेळते.

आता दुकानदारांविषयी, आणि कपडे बनवणाऱ्यांविषयी. पहिली गोष्ट मापाची. एका शर्टावर ४२ लिहिलेले असते, ते कॉलरचे सेंटिमीटर. दुसऱ्यावर ४२ असते, ते छातीचे इंच. तिसऱ्यावर नुसते ‘एक्सएल’, जो एका ठिकाणी मला ढगळ होतो आणि दुसऱ्या ठिकाणी पोटावर बटण लागत नाही. तरुण माणूस चार शर्ट घालून बघतो. गुडघे धरलेल्या माणसाला त्या खोक्याएवढ्या ट्रायल रूममध्ये एका पायावर उभे राहून पॅन्ट बदलणे म्हणजे पडण्याची भीती. आत स्टूल ठेवायला किती खर्च येतो? राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने (तिला सगळे ‘निफ्ट’ म्हणतात) भारतीयांची स्वतःची मापे ठरवण्यासाठी ‘इंडियासाइज’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. मुंबईसह सहा शहरांत पंचवीस हजारांहून अधिक लोकांच्या अंगाची मापे यंत्राने घ्यायची अशी त्याची आखणी. चांगली गोष्ट आहे. इतकी वर्षे इंग्लंड-अमेरिकेच्या बांध्यावरची मापे आपण पोटावर ओढून घेत होतो. पण त्यात वय १५ ते ६५ एवढेच धरले आहे. पासष्टीपुढचा माणूस कपडे घालायचा थांबत नाही.

तोपर्यंत एक उपाय आहे. आपल्याला नीट बसणारा एक जुना शर्ट आणि एक पॅन्ट सपाट पसरून टेपने मोजा: छाती, पोट, खांदा, उंची, कंबर, बैठक. हे आकडे कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि दुकानात टेप मागून शर्ट टेबलावरच मोजा. सेल्समन तोंड वाकडे करतो. करू दे. आयुष्यभर सुट्ट्या पैशांवरून वाकडी तोंडे बघितली आहेत.

दुसरी गोष्ट बिलाची. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी अजून दुकानादुकानांत आहे. सौ.ने घेतलेल्या एका ड्रेसचा रंग पहिल्याच धुण्यात असा गेला, की बादलीतला माझा बनियन जांभळा झाला. दुकानदाराने पाटीकडे बोट दाखवले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू आहे, त्यात सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत न घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिल न देणे हीसुद्धा. मी बिल दाखवले, कायद्याचे नाव घेतले, १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक मोबाइलवर लावून हातात धरला. ड्रेस बदलून मिळाला, चहाही आला. मात्र लक्षात ठेवावे, माप बसले नाही हा मालाचा दोष होत नाही. त्यासाठी घेतानाच ‘आठ दिवसांत बदलून मिळेल’ असे बिलावर लिहून घ्यावे. रस्त्यावरच्या ढिगातून दीडशेचा शर्ट घेताना यातले काही नसते. तिथे आपले डोळे आणि शिवण ओढून बघणारे आपले अंगठे.

तिसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात बोचते. सांगलीहून तासाभरावर इचलकरंजी. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून सव्वाशे वर्षे होत आली, तिथे खडखडाट चालू आहे. इकडे माधवनगर, विटा, तिकडे सोलापूर. सोलापूरचे कारखाने तर गणवेश शिवण्यात नावाजलेले. एवढे कापड आणि एवढे शिवणारे हात आपल्या परिसरात असताना, आमच्या वयाच्या माणसाला बसेल असा साधा सुती शर्ट तयार मिळत नाही. इचलकरंजीला आम्ही दोघे अधूनमधून जातो. एस.टी.त बायकांना २०२३ पासून निम्मे तिकीट. तिथे कटपीसच्या दुकानांत पॉपलिन, केंब्रिक, शर्टिंगचे तुकडे थानाच्या भावापेक्षा बरेच स्वस्त पडतात. दोन मीटरचा तुकडा सापडला की अर्ध्या बाह्यांचा शर्ट पक्का. तुकडा घेताना दोन्ही कडा बघाव्यात, विणीत फट किंवा तेलाचा डाग असू शकतो. खादी भांडारात गांधी जयंतीपासून सूट सुरू होते, तेव्हा सहा महिन्यांचे लेंगे आणि नेहरू शर्ट घेऊन ठेवतो.

या भागातल्या कारखानदारांना माझी मागणी फार मोठी नाही. गणवेश शिवणाऱ्यांना तर ती माहीतच आहे. शाळेच्या पोरांच्या चड्डीला आणि फ्रॉकला उंची वाढेल म्हणून खाली दुमड ठेवतातच. पोरगा उभा वाढतो, म्हातारा आडवा, एवढाच फरक. पॅन्टच्या मागच्या शिवणीत दीड इंच आणि शर्टाच्या बाजूच्या शिवणीत एक इंच माया सोडून, लेबलावर छाती-पोट-कंबर सेंटिमीटरमध्ये छापून एक माल काढून बघा. नगामागे वीस-तीस रुपये जास्त घ्या. आम्ही देऊ.

आणि सोडायला माया असली तरी सोडणारा हवा. आमच्या मास्तरांचा मुलगा कंपनीत लागला, तो दुकानात बसणार नाही. नवे शिंपी अल्टरचे काम घेत नाहीत; उसवण्यात वेळ जातो आणि पैसे मिळत नाहीत, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. आयटीआयमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, तिथून दरवर्षी मुली बाहेर पडतात. गावोगाव बचत गट आहेत. तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानात एका कोपऱ्यात मशीन टाकून अशा एखाद्या गटाला बसवले, दर पाटीवर लिहिले (कंबर सोडणे-घेणे, मोरी, बाही, कॉलर उलटवणे), तर दुकानदाराचा माल खपेल, त्या बायकांना रोजचे काम मिळेल आणि आम्हाला कपडे घेऊन तीन ठिकाणी फिरावे लागणार नाही. पुरवणीत दर आठवड्याला एवढी जागा जाते, त्यात एखाद्या रविवारी आपल्या वार्ताहराने सांगली-मिरज-कुपवाडमधल्या अल्टर करणाऱ्या शिंप्यांचे पत्ते आणि दर छापावेत, ही विनंती.

असा कोपरा द्यायला एखादा दुकानदार तयार असेल तर त्याने आपल्यामार्फत मला कळवावे. सकाळच्या हास्यक्लबातली निम्मी मंडळी पॅन्टच्या हुकाऐवजी पट्ट्यावर दिवस काढत आहेत. पहिल्या आठवड्याचे गिऱ्हाईक मी घेऊन येतो.

आपला,
एक निवृत्त एस.टी. वाहक, सांगली
(नाव छापू नये, ही विनंती. सौ.चा आग्रह आहे.)